हक्कसोडपत्रांचा माग: कायद्यातल्या पीएच.डी.चा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये माझी खुली मौखिक परीक्षा झाली आणि महिन्याभरात विद्यापीठाची अधिसूचना हातात आली. विषय होता सातारा जिल्ह्यातल्या शेतजमिनीवरचा मुलींचा वारसाहक्क, आणि त्यातही बहिणींनी भावांना करून दिलेली हक्कसोडपत्रं, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचे दस्त. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. पीएच.डी.चा विचार सुरू केला तेव्हा आमच्या बाररूममध्ये विचारायला कोणी नव्हतं. नेटवर सापडायच्या त्या विद्यापीठांच्या नियमावल्या, नाहीतर विज्ञान शाखेतल्या मुलांचे प्रयोगशाळेतले अनुभव. कायद्यात, आणि तेही निकालपत्रांच्या बाहेर पडून संशोधन करायचं तर कुठे जावं लागतं, किती थांबावं लागतं, खर्च किती येतो, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी विषयाबद्दल, कारण पुढची सगळी धावपळ त्यातून आली. वाटपाच्या दाव्यात मुलीचा हक्क किती, कधीपासून, यावर निकालांची कमी नाही. पण ते निकाल दावा लावणाऱ्या बाईचे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांत दावा होतच नाही. वडील जातात, वारसनोंद होते, आणि वर्ष-दीड वर्षात बहिणी दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येऊन सही करून जातात. त्या बायका निकाल छापणाऱ्या एकाही लॉ रिपोर्टरमध्ये सापडत नाहीत. निकालपत्रं वाचून मुलींच्या हक्काचं चित्र काढायचं तर ते भांडलेल्यांचं चित्र होणार, आणि न भांडलेल्या तर संख्येने कितीतरी जास्त. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर कायद्याच्या पुस्तकांबाहेर जाणं भागच होतं.

पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, दिली ऑगस्ट २०१८ मध्ये. तेव्हा यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१६ ची नियमावली लागू होती, म्हणजे निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर. वकिली करणाऱ्यांना विषयाचं दडपण नसतं. अडतं ते नमुना निवड, गृहीतक, मध्यक, मानक विचलन यांत. एलएल.एम.चं पद्धतीशास्त्राचं पुस्तक इथे पुरत नाही. मी समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या मराठी नोट्स पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आणल्या आणि दोन महिने कोर्ट सुटल्यावर त्याच वाचल्या. ज्यांना पेट द्यायची आहे त्यांनी हेच करावं. परीक्षेला तर उपयोग होतोच, पण पुढे प्रश्नावली करायला बसल्यावर जास्त होतो.

जानेवारी २०१९ मध्ये संशोधन मान्यता समितीसमोर सादरीकरण झालं. दहा मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्न. पहिलाच प्रश्न आला, ‘यात कायदा कुठे आहे?’ एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलं की मुलींना मुलांइतका वारसाहक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीचा चिकित्सक अभ्यास असा सरळ विषय घ्या, तीन वर्षांत मोकळ्या व्हाल. सल्ला मनापासून दिलेला होता, आणि बाहेर आल्यावर मी दोन दिवस त्यावर विचार केला. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, ‘विषय सोडू नका, पण प्रश्न कायद्याचाच ठेवा.’ या एका वाक्याने माझा आराखडा उभा राहिला. मूळ प्रश्न मी असा लिहिला: हक्कसोडपत्रावरची संमती कायद्याच्या अर्थाने मुक्त संमती असते का? करार कायद्यातलं कलम १६, अवाजवी प्रभाव, म्हणजे नात्यातल्या वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती, हा कणा. मग त्याखाली उपप्रश्न, आणि प्रत्येक उपप्रश्नापुढे कोणत्या शाखेकडून उत्तर घेणार ते. इतिहासाकडून, हा हक्क लोकांना नवा वाटतो की जुना. अर्थशास्त्राकडून, कायदा बदलल्यावर जमीन खरंच मुलींकडे गेली का. समाजशास्त्राकडून, सही करताना बाईसमोर पर्याय कोणते असतात. महसुली दप्तराकडून, नाव कधी, कशाने कमी होतं. आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणून चार शाखांतली चार पुस्तकं संदर्भसूचीत घालणारे प्रबंध मी पुढे बरेच चाळले. त्यांत कोणती शाखा कशासाठी बोलावली आहे तेच कळत नाही. समितीपुढे जाणाऱ्यांनी असा तक्ता करून न्यावा. दुसऱ्या सादरीकरणात मला कुणी ‘कायदा कुठे आहे’ असं विचारलं नाही.

शीर्षक मंजुरीचं पत्र यायला जवळजवळ चार महिने गेले. शुल्क साधारण वर्षाला वीस हजारांच्या घरात होतं. पत्र येईपर्यंत वाचन थांबवू नका, आणि पत्रातलं शीर्षक अक्षर न् अक्षर तपासून घ्या. पुढे सारांशापासून पदवीपर्यंत तेच चालतं.

कोर्सवर्क जुलै २०१९ मध्ये सुरू झालं. शनिवार-रविवार तासिका असल्यामुळे कोर्ट सांभाळता आलं. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते वर्गातल्या बाकीच्यांनी. एक सरकारी वकील डीएनए पुराव्यावर काम करत होते आणि संभाव्यतेचं गणित शिकायला सांख्यिकी विभागात जाऊन बसायचे. एक प्राध्यापिका ऊसतोड कामगारांवर काम करत होत्या. टोळीला दिलेली उचल आणि मुकादमाचा करार त्यांना कामगार कायद्यात कुठे बसवायचा ते ठरवायचं होतं. कृष्णा पाणीतंट्यावरचा मित्र बच्छावत आयोगापासूनचे अहवाल घेऊन जलसंपदाच्या अभियंत्यांकडून खोऱ्यातल्या पाण्याचा हिशोब समजून घेत होता. आणखी एकजण राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवरची प्रलंबित खटल्यांची आकडेवारी उतरवून तारखा का पडतात ते शोधत होता. कायद्याचं संशोधन म्हणजे ग्रंथालयात बसून निकाल वाचणं, असं मी पंधरा वर्षं समजत आले होते. या लोकांकडे पाहिल्यावर वाटलं, आपण एकटेच आडवाटेला लागलेलो नाही.

कायद्याचा स्वतःचा भाग आधी बांधून घेतला. १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या संपत्तीहक्काचा कायदा, जो जी. व्ही. देशमुखांच्या नावाने ओळखला जातो. मग डॉ. आंबेडकरांचं हिंदू कोड बिल आणि १९५१ चा त्यांचा राजीनामा, १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, विधी आयोगाचा २००० सालचा १७४ वा अहवाल, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली दुरुस्ती. महाराष्ट्रापुरता मधे एक टप्पा आहे आणि तो वकिलांच्याही लक्षात नसतो. आपल्या राज्याने २२ जून १९९४ पासूनच मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार, केलं होतं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे एकाच घरात १९९२ मध्ये लग्न झालेली थोरली बहीण बाहेर आणि १९९६ मध्ये लग्न झालेली धाकटी आत, अशी अवस्था अकरा वर्षं होती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ही अट गेली.

निकाल शोधायला पैसे खर्च करायची गरज पडली नाही. विद्यापीठाच्या लॉगिनवर सशुल्क डेटाबेस मिळतात. घरून काम करताना इंडियन कानून ही वेबसाइट पुरते, आणि २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवालही ई-एससीआरवर मोफत आहेत. जुन्या एआयआरसाठी (ऑल इंडिया रिपोर्टर या निकालांच्या खंडांसाठी) जिल्हा बारचं ग्रंथालय.

इतिहासाचं काम मला अवघड जाईल असं वाटलं होतं, पण त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कशात मिळाला नाही. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात आणि जयकर ग्रंथालयात बसून वाचलं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात वारशाची जी मांडणी केली आहे, ती वाचायला वकिलाला संस्कृत यावंच लागतं असं नाही. वारशाचे नियम सांगणारे दोन संस्कृत ग्रंथ इथे महत्त्वाचे: विज्ञानेश्वराची मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्य दरबारातली, आणि नीलकंठाचा व्यवहारमयूख पुढचा. मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरातेत मयूखाला मान होता, बाकी महाराष्ट्रात मिताक्षरेला. इंग्रजी कोर्टांनी यातून जो ‘मुंबई संप्रदाय’ उभा केला, तो बाईला इतर प्रांतांपेक्षा थोडा उदार होता. इथे बहीण वारस म्हणून मानली गेली. मुलगी वारस म्हणून आली तर तिला जमीन हयातीपुरती नव्हे, पूर्ण मालकीने मिळे. बंगाल-मद्रासेत तसं नव्हतं. गावात आपण ऐकतो की मुलीला जमीन ही सरकारने काल काढलेली टूम आहे. दप्तर असं सांगत नाही. हे प्रकरण लिहिल्यानंतर मी कोर्टात युक्तिवाद करतानाही वेगळी उभी राहायला लागले.

अर्थशास्त्राकडे गेले ते एका प्राध्यापक मॅडममुळे. त्यांनी विचारलं, ‘तुमच्या कायद्याला पक्की तारीख आहे ना? मग अर्धं काम झालं.’ १९९४ ही तारीख अर्थशास्त्रज्ञांनी किती बारकाईने वापरली आहे ते मला तोवर माहीत नव्हतं. जागतिक बँकेतल्या संशोधकांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकातली कुटुंबं घेतली, आणि वडील दुरुस्तीआधी वारलेल्या घरांची तुलना वडील नंतर वारलेल्या घरांशी केली. मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली होती, पण मुलग्यांची बरोबरी झाली नव्हती. दुसऱ्या एका अभ्यासाने वारसा दुरुस्त्यांची सांगड आत्महत्यांच्या सरकारी आकडेवारीशी घातली. बायका आणि पुरुष, दोघांच्याही आत्महत्या वाढल्याचं त्यांना दिसलं, आणि त्याचा संबंध त्यांनी घरातल्या वाढत्या संघर्षाशी लावला. तो लेख वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. हक्क देणारं कलम घरात शिरल्यावर काय काय हलवतं, ते निकालपत्रात कधीच येत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत, म्हणजे शेतजमीन कसणाऱ्यांत, स्त्रिया साधारण १४ टक्के होत्या. कलमं वाचून ही संख्या समजत नाही.

संख्याशास्त्राची भीती असणाऱ्यांना एवढंच सांगते की सगळं शिकायची गरज नसते. माझ्या प्रबंधात वारंवारता तक्ते आणि काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणारी) यापलीकडे काही नाही. एका महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या सरांनी चार रविवार घेऊन ते एक्सेलमध्ये करून दाखवलं, आणि मानधन घेतलं नाही. मात्र आकडे गोळा करायच्या आधी त्यांच्याकडे जायला हवं. प्रश्नावली छापून झाल्यावर तिच्यातून उत्तर निघत नसेल तर ते तरी काय करणार.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. दुय्यम निबंधक कार्यालय, तलाठी सजा, ग्रंथालयं, काहीच नाही. आणि त्याच मधल्या काळात, ११ ऑगस्ट २०२० ला, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल आला. २०१५ च्या फुलवती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवेत. २०१८ च्या दानम्मा प्रकरणात सूर बदलला. विनीता शर्मामध्ये तीन न्यायमूर्तींनी वाद मिटवला: हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. शिवाय तोंडी वाटपाचा बचाव सहज मान्य होणार नाही, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच अपवादाने. माझं तयार झालेलं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. कायद्यातल्या संशोधकाने हे धरूनच चालावं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला ‘अमुक तारखेपर्यंतची स्थिती’ असं लिहायची सवय तेव्हापासून लावून घेतली, आणि परीक्षकांनी तिचं कौतुक केलं.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर कार्यालयांत जाता येऊ लागलं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा मोफत शोध गट नंबर माहीत असेल तर उपयोगी, पण एका गावात एका वर्षात किती हक्कसोडपत्रं झाली ते त्यावर कळत नाही. त्यासाठी सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, कार्यालयातच पाहावी लागते. एका कार्यालयात मला सांगितलं गेलं की तुम्ही पक्षकार नाही, बघता येणार नाही. नोंदणी कायदा १९०८ चं कलम ५७ छापून नेलं होतं. पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते, आणि स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक १ मध्येच जातात. विद्यापीठाचं पत्र, कलमाची प्रत, ग्रास या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर भरलेलं शुल्क, असा अर्ज आवक क्रमांक घेऊन दिला. उत्तराला तीन आठवडे लागले, पण परवानगी मिळाली. तोंडी मागणीवर वेळ घालवू नका, पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या.

सूचीतून प्रत्येक दहावं हक्कसोडपत्र नमुन्यात घेतलं आणि मग त्या गटाचा सातबारा, फेरफार आणि गाव नमुना सहा-क म्हणजे वारस नोंदवही जुळवून पाहिली. डिजिटल सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. जुने हस्तलिखित फेरफार मात्र तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज करून. या फेरफारांत एक भाषा पुन्हा पुन्हा येते: ‘बहिणींनी जबाब देऊन हक्क सोडला, सबब नावे कमी केली.’ नोंदणीकृत दस्त नाही, फक्त तलाठ्यासमोरचा जबाब. नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क असा सुटत नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, हेही कोर्टांनी किती वेळा सांगितलं आहे. पण गावात सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे जमीन नाही. आणखी एक पद्धत दिसली. बहिणींची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे सातबाऱ्यावरच्या मालकाच्या रकान्यात, न घेता ‘इतर हक्कात’ टाकायची. बाई समजते नाव लागलं. कलमांची पुस्तकं वाचून मला हे कधी कळलं नसतं.

माहितीचा अधिकारही वापरला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्दांची मर्यादा. तालुक्यातल्या वारसनोंदी स्त्री-पुरुषवार मागितल्या तर उत्तर आलं, माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही. वीस रुपयांचं तिकीट लावून प्रथम अपील केलं, तेव्हा नोंदवह्यांची पाहणी करू दिली. म्हणून अर्जात आकडे मागण्याबरोबरच ‘अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी’ हेही मागून ठेवावं.

मग मुलाखती. कायदा विभागांत नैतिकता समिती सहसा नसते, म्हणून सामाजिक कार्य विभागाचा संमतीपत्राचा नमुना घेऊन सोप्या मराठीत केला आणि सरांची सही घेतली. नावं, गावं, गट नंबर प्रबंधात कुठेही नाहीत. बाईची मुलाखत तिच्या सासरी, भाऊ समोर नसताना, आणि शक्यतो दुपारी, हे मी ठरवून पाळलं. सही करून घेणारे भाऊ, दस्त लेखनिक, तलाठी यांच्याशी वेगळं बोलले.

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यातली एक सकाळ सांगते. जीपमधून पाच बहिणी आल्या. सगळ्यात थोरल्या सत्तरीच्या, त्यांना दोघींनी हाताला धरून पायऱ्या चढवल्या. दोनशेच्या मुद्रांकावर दस्त तयार होता. टोकन, ओळखदार, कॅमेऱ्यासमोर बसणं, यंत्रावर अंगठा. थोरल्या आक्कांचा अंगठा यंत्र घेईना. कामाने रेषा झिजलेल्या. ऑपरेटरने ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं, चौथ्या वेळी लागला. अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘राजीखुशीने देताय ना?’ पाचही जणी ‘होय’ म्हणाल्या. सगळं मिळून पाऊण तासात झालं. बाहेर भाऊ साड्यांच्या पिशव्या घेऊन उभा होता, आणि तोही डोळे पुसत होता.

महिन्याभराने त्यातल्या मधल्या बहिणीकडे गेले. त्यांनी मला गट नंबर, क्षेत्र, विहिरीतला आण्याचा हिस्सा, बांधावरची आंब्याची झाडं तोंडपाठ सांगितली. म्हणाल्या, ‘वकीलबाई, मला काय मिळतंय ते ठाऊक नव्हतं असं लिहू नका. सगळं ठाऊक होतं. पण उद्या माझ्या नवऱ्याने घराबाहेर काढलं तर जायला एक दार पायजे.’ करार कायद्यात यासाठी काय शब्द आहे? धाक नाही, फसवणूक नाही, चुकीची माहिती नाही. तरी ही मुक्त संमती म्हणायची का? माझ्या प्रबंधाचं सगळ्यात लांब प्रकरण या एका उत्तरावर उभं आहे. माहेर हा बाईचा विमा असतो, आणि त्याचा हप्ता म्हणून ती जमीन सोडते, असं मी तिथे मांडलं आहे.

भावांशी बोलताना निघालं ते मात्र माझ्या कल्पनेबाहेरचं होतं. मी लोभ शोधत होते, आणि तो काही घरांत होताच. पण बऱ्याच जणांनी सोसायटीचं पीककर्ज सांगितलं. सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या. एक बहीण मुंबईला, एक इचलकरंजीला, दर हंगामाला सगळ्यांना गोळा करायचं कसं? ठिबकचं अनुदान असो, विहिरीचं प्रकरण असो, तीच अडचण. म्हणजे जी नावं कायद्याने सातबाऱ्यावर आणली, ती तिथून घालवायला कर्जाची कागदपत्रं लोकांना भाग पाडतात. यावर उपाय करायला संसदेत जावं लागत नाही. सहहिस्सेदारांच्या संमतीची पद्धत सोपी केली तरी बरंच साधेल. माझ्या शिफारशींतली पहिली शिफारस हीच आहे.

काही म्हाताऱ्यांनी शेतकरी संघटनेच्या दिवसांची आठवण काढली. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन करून दिली. बायकोला दिलेली जमीन लोक अभिमानाने सांगतात, बहिणीच्या हिश्शावर गप्प होतात. यावर वेगळा प्रबंध होईल. मी एका परिच्छेदात थांबले.

लिहायला २०२३ पूर्ण गेलं. सकाळी पाच ते आठ, मग कोर्ट. २०१६ च्या नियमांप्रमाणे एक शोधनिबंध आणि दोन परिषदांमधलं सादरीकरण सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमावलीत निबंधाची सक्ती गेली आहे, तरी आपली नोंदणी कोणत्या नियमांखाली आहे ते विद्यापीठाकडून लेखी घ्या. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांचे फोन येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. माझा निबंध पुनरीक्षणात दहा महिने अडकला होता, पण दोन्ही परीक्षकांच्या सूचनांनी तो सुधारला.

साम्य तपासणीबद्दल, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे पाहणाऱ्या तपासणीबद्दल, कायद्याच्या मुलांना हमखास धास्ती असते, कारण कलमं आणि निकालातले उतारे शब्दशः द्यावेच लागतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत हरकत नाही, आणि कायद्यांचा मजकूर व श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर मोजणीतून वगळायचा आहे. ग्रंथालयात ही सेटिंग लावली आहे ना ते समोर बसून पाहा. माझा पहिला अहवाल कलमांसकट काढला गेला आणि आकडा तिसाच्या वर गेला. नियमाची प्रत दाखवल्यावर पुन्हा काढला, तो सात आला.

सारांश डिसेंबर २०२३ मध्ये, प्रबंध जून २०२४ मध्ये सादर. शुल्क, छपाई आणि बांधणी मिळून पंचवीस हजारांच्या आसपास गेले. पूर्ण काळाचा हिशोब केला तर सर्वात मोठा खर्च प्रवासाचा आणि बुडालेल्या कामाचा. मग शांतता. अहवाल यायला सात महिने लागले. या काळात विभागात फोन करून उपयोग नसतो. महिन्याला एक विनंतीपत्र, आवक क्रमांक घेऊन, एवढं पुरे.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘तुमच्या प्रबंधात कायदा किती आणि समाजशास्त्र किती?’ सहा वर्षांपूर्वीचाच प्रश्न, पण आता माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हटलं, प्रश्न पूर्ण कायद्याचा आहे, कारण संमती खरी होती का हे शेवटी न्यायाधीशालाच ठरवायचं असतं. पण ती कशी दिली जाते याचा पुरावा कायद्याकडे नाही. तो फेरफारात आहे, सोसायटीच्या कर्जप्रकरणात आहे, माहेरच्या नात्यात आहे. पुरावा जिथे आहे तिथे मी गेले. त्यांनी आणखी दोन प्रश्न अवाजवी प्रभावाच्या गृहीतकावर विचारले. त्यात निकालांची तयारी कामी आली, म्हणून दुसऱ्या शाखांत कितीही फिरलात तरी मुख्य निकाल तोंडावर असू द्या. किरकोळ दुरुस्त्या पंधरा दिवसांत करून दिल्या, आणि आता प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढला आहे.

पदवीनंतर पहिलं काम केलं ते दोन पानी मराठी पत्रक. आमच्या तालुक्यातल्या दस्त लेखनिकांकडे आणि ग्रामपंचायतींत ठेवलं आहे. त्यात चारच गोष्टी आहेत. वारसनोंदीत नाव कब्जेदार सदरी लागलं की इतर हक्कात, ते आधी पाहा. फेरफाराची नोटीस आल्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हक्कसोडपत्र नोंदल्यावर सहज मागे घेता येत नाही, त्यामुळे दस्त आदल्या दिवशी घरी नेऊन कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि कर्जाच्या सह्यांचीच अडचण असेल तर हक्क सोडायची गरज नाही, भावाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र (ठरावीक कामापुरता सही करायचा अधिकार) करूनही काम होऊ शकतं का, ते सोसायटीच्या सचिवांना विचारून बघा. गेल्या महिन्यात दोन बहिणी या चौथ्या मुद्द्यावर बोलायला भावाला घेऊन माझ्या ऑफिसात आल्या होत्या. मुखत्यारपत्राचा मसुदा सोसायटीकडे दिला आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत.